उलटा सहा

१

माझ्या धाकटीला चाळिसाव्या वर्षी पहिली मुलगी झाली, त्या वर्षीची ही गोष्ट. मूल मे महिन्याच्या वीस तारखेला झालं. सव्वीस तारखेला, मंगळवारी सकाळी, पूर्वेच्या स्टँडखालच्या अकरा काचांपैकी सात काचा मला तडकलेल्या दिसल्या.

काचा म्हणजे खिडकीच्या नव्हेत. आमच्या फुटबॉल क्लबचा हा स्टँड साठ वर्षांपूर्वी सभासदांनी स्वतः विटा वाहून बांधला. त्याच्या मागच्या भिंतीला भेगा होत्या. पाच वर्षांपूर्वी क्लबच्या म्हाताऱ्या इंजिनियरअण्णांनी प्रत्येक भेगेवर बोटाएवढी काचेची पट्टी आडवी बसवली, दोन्ही टोकांना पीओपीचा एकेक गोळा थापून. भिंत केसभर जरी सरकली तरी काच तडकणार. अण्णांनी अहवालात लिहून ठेवलं होतं की हातोडीने मारलेली काच चांदणीसारखी फुटते, आणि भिंत सरकली तर काचेवर एकच सरळ रेघ येते. गोळा ओला असताना त्यावर खिळ्याने बसवल्याची तारीख कोरायची. ते काम अण्णांनी मला दिलं होतं.

मी क्लबची लाँड्री सांभाळते. चव्वेचाळीस वर्षं घामाच्या जर्स्या धुतल्या. काचांवर लक्ष ठेवणं हे माझं दुसरं काम. त्याचे पैसे मिळत नाहीत आणि मी कधी मागितले नाहीत.

त्या सकाळी आधी लाँड्रीची मोरी तुंबली. पाणी उंबऱ्यापर्यंत आलं. कांडी घालून ढोसलं, पण हटेना. म्हणून फडकं घ्यायला स्टँडखालच्या बोळात गेले, तर काचा तशा. सातही काचांवर एकेक सरळ रेघ. गोळ्यांवर सोळा जूनची तारीख, माझ्याच हातची, सहाच्या खालच्या टिंबासकट. दोन वर्षांपूर्वी रंगाऱ्यांनी गोळ्यांवरही चुना फासला होता, त्यात तारखा बुजल्या होत्या. आता त्या दिसत होत्या. मला वाटलं, फोटोसाठी कुणी खरवडल्या असतील.

वेळ वाईट होती. कारण रविवारी सभासदांची सभा होती आणि प्रश्न एकच होता: स्टँड दुरुस्त करायचा की पाडून नवा बांधायचा. दुरुस्तीला अठरा लाख. ते आम्ही वर्गणीतून उभे केले असते. नव्याला अकरा कोटी. ते एक कंपनी देणार, आणि त्या बदल्यात मैदान तीस वर्षं तिच्या ताब्यात. तिकीट चौपट. उभं राहून बघायची स्वस्तातली जागा बंद.

चिटणीस बोळात आला. वय पंचेचाळीस, अजून चालताना डावा खांदा पुढे काढणारा. आमचा जुना सेंटर हाफ. नऊ वर्षं परगावी होता, गेल्या हिवाळ्यात परत आला आणि दुरुस्तीच्या बाजूने सगळ्यांत मोठ्याने बोलायला लागला. सगळा क्लब त्याला 'उलटा' म्हणतो. का म्हणतो ते पुढे येईल.

"मावशी," तो काचांकडे बघत हळूच म्हणाला, "संपलं गं सगळं."

भिंतीवर सभेची नोटीस होती. ती त्याने मला वाचून दाखवली, एकेका शब्दावर बोट ठेवून, मी लहान मूल असल्यासारखी. मी ऐकून घेतली. त्याचा आवाज मला आवडतो.

२

अध्यक्षांनी मला ऑफिसात बोलावलं. चार वर्षांपूर्वी आलेले, कोटाचं बटण कधी न उघडणारे गृहस्थ. टेबलावर नव्या स्टँडचा पुठ्ठ्याचा नमुना होता, आणि त्यात काचेच्या खोल्यांतून बघणारी पुठ्ठ्याची माणसं.

"एक तारखेला काचा चांगल्या होत्या असं तुम्हीच सांगितलंत," अध्यक्ष म्हणाले.

"शनिवारीसुद्धा चांगल्या होत्या."

"म्हणजे तीन दिवसांत भिंत सरकली. किंवा तुम्ही बघतच नव्हता."

"मी बघत होते."

"मग लिहून द्या तसं. खाली सही आणि तारीख."

मी सही केली, सव्वीस-पाच लिहिलं. त्यांनी कागद फुंकरून फाइलला लावला.

"वाईट वाटून घेऊ नका, मावशी. रविवारी हे वाचून दाखवावं लागेल. तुम्ही आता लाँड्रीच बघा."

"आणि अण्णांचा अहवाल? भिंत पक्की आहे असं त्यांनी लिहिलंय."

"भिंतीनेच त्यांना खोटं पाडलं. मी काय करू?"

मी तशीच अण्णांकडे गेले. ते दोन महिने अंथरुणाला खिळले होते. फुप्फुसं गेली होती. उशाशी ऑक्सिजनचा सिलिंडर, त्याला टांगलेली क्लबची जुनी टोपी. मी त्यांना काचांचं सांगितलं.

"सात?"

"सात."

"वरच्या चार?"

"शाबूत आहेत."

"त्यांना शिडी लागते," अण्णा म्हणाले. मग दम घेऊन म्हणाले, "बटण बघितलंस?"

मी कपाळावर हात मारला. चौथ्या भेगेत मी एका शर्टाचं बटण खोचलं होतं, काचा बसवल्या त्याच दिवशी, माझ्या समाधानासाठी. भेग उघडली तर बटण खाली पडणार, एवढाच हिशेब. इंजिनियर लोक अशा गोष्टींना हसतात. अण्णा हसले नव्हते.

"जाऊन बघ," ते म्हणाले. "मला जायच्या आधी कळलं पाहिजे, मी चुकलो का ते. चुकलो असेन तर तसं सांग. गोड बोलू नकोस."

मी परत बोळात आले. चौथी काच तडकलेली. तिच्याखाली टीचभर अंतरावर बटण. मी नखाने ओढून पाहिलं. हललं नाही. भिंतीने ते दातात धरावं तसं धरलं होतं.

मग मी गोळ्यावर हाताची मागची बाजू टेकवली. कपडा वाळला की नाही हे बाई तळव्याने बघत नाही, हाताच्या पाठीने बघते. पाच वर्षांचा गोळा खडखडीत असायला हवा. हा गार होता. आतून ओला.

३

तर काचा तडकल्या नव्हत्या, बदलल्या होत्या. कुणीतरी जुन्या उपटून आधीच रेघ पाडलेल्या नव्या बसवल्या होत्या. सोमवारी, कारण सोमवारी माझी सुट्टी आणि बोळात कुणी फिरकत नाही.

सोमवारी क्लबात कोण होतं? पहारेकऱ्याच्या वहीत चार जण होते. अध्यक्ष, नव्या स्टँडचे नकाशे काढणारी नकाशेवाली बाई, माळीभाऊ आणि उलटा.

नकाशेवाली बाई मला मैदानात मापं घेताना सापडल्या. कानामागे पेन्सिल, पायात पुरुषी बूट.

"सोमवारी तुम्ही बोळात गेला होतात?"

"गेले होते. दहा मिनिटं. मापं घेऊन निघाले."

"काचा तडकलेल्या होत्या?"

"कसल्या काचा?" त्यांनी खरंच विचारलं. मी दाखवल्यावर वाकून बघितल्या. "ह्या अशा पट्ट्या मी फक्त पुस्तकात पाहिल्यात. तारीख काय लिहिलीय ही? तेरा मार्च का?"

"सोळा जून," मी म्हटलं.

"हा तीन आहे ना?"

 मनात काहीतरी टोचलं, पण काय ते कळेना.

माळीभाऊ गोलच्या मागे गवताला पाणी घालत होता. तीस वर्षं आम्ही चहा पिताना एकमेकांची खोडी काढतो.

"तुझ्याकडे पांढऱ्या भुकटीचं पोतं आहे," मी म्हटलं.

"आहे. रेघा मारायला. चुना आहे तो, त्याने काच चिकटत नाही, माझी आई. माझ्यावर संशय घेतेस? स्टँड पडला तर मला ऊन मिळेल म्हणून?"

"तूच म्हणतोस की त्याच्या सावलीने गवत मरतं."

"म्हणतो. बायकोबद्दलही बरंच म्हणतो. तिला पाडली का कधी?" त्याने नळी खाली टाकली. "काचा बसवल्या तेव्हा पीओपीची बादली कुणी धरली होती? मी. तू तारीख कोरलीस आणि मी म्हणालो, 'मावशी, तुझं टिंब कुठं हरवलं?' आठवतं? तू माझ्या अंगावर पाणी उडवलंस."



"पुन्हा म्हण," मी म्हटलं.

"काय, टिंब?"

मी पळत सुटले. माझ्या वयाला पळणं म्हणतात ते.

४

आता उलट्याचं नाव कसं पडलं ते सांगते, कारण सगळं त्यातच आहे.

मला लिहायला वाचायला येत नव्हतं. जर्सीचे आकडे मी कापडातून कापायची ते नुसते बघून. चोवीस वर्षांपूर्वी एक लाजरा पोरगेला सेंटर हाफ आला, त्याला सहा नंबर दिला. मी सहा कापला तो उलटा, तोंड डावीकडे. लांबून तीन दिसायचा. तीन नंबर तर दुसऱ्याचा होता. रेफ्रीने मॅच थांबवली. मध्यंतरात मी त्याच्या अंगावरच, पाठीवर आकड्याखाली एक गोल ठिगळ शिवलं. टिंबवाला तीन म्हणजे सहा, असं रेफ्रीला सांगितलं. लोक हसून लोळले. दुसऱ्या हाफमध्ये त्याने गोल केला. त्यानंतर पंधरा वर्षं त्याने तीच जर्सी घातली, मला सरळ सहा शिवू दिला नाही. मीसुद्धा सहा तसाच काढायची, सगळीकडे: कपड्यांच्या गाठोड्यांवर, पाटीवर. तीन आणि खाली टिंब.

तो गेला नऊ वर्षांपूर्वी. मी लिहायला शिकले सात वर्षांपूर्वी. धाकटीचं पहिलं लग्न ठरून मोडलं, ती घरात भिंतीकडे तोंड करून बसायची. मी म्हटलं, रडायचं तर रड, पण रडता रडता मला शिकव. बासष्टाव्या वर्षी 'क' गिरवला. तिने माझा सहा सरळ केला. "आई, ह्याचं तोंड उजवीकडे. आणि टिंब काढून टाक, त्याला टेकू लागत नाही." त्यानंतर मी एकदाही उलटा काढला नाही. काचा बसवल्या त्या त्याच्याही दोन वर्षांनी.

मग बोळातल्या गोळ्यांवर माझा जुना सहा आला कुठून?

सकाळी मी तो बघितला आणि ओळखीचा वाटला म्हणून खटकला नाही. आपलीच चूक माणसाला आपलं अक्षर वाटते.

पण अंदाजावर मला माणूस धरायचा नव्हता, आणि हा माणूस तर नाहीच. मी लाँड्रीत गेले. मोरी अजून तुंबलेली होती. सोमवारी मैदानाचं पाणी बंद असतं, नळ फक्त माझ्याकडे चालतो. लाँड्रीची किल्ली चौकटीच्या वर असते. ते जुन्या माणसांनाच माहीत. बादली कुणीतरी इथे धुतली होती. मी जाळी उचकटली आणि कोपरापर्यंत हात घातला. पीओपी जमून दगड झाला होता. त्याच्यासोबत जुन्या गोळ्यांचे तुकडे आले. एकावर चुन्याचा जाड थर होता.

पिवळ्या डागांसाठी मी व्हिनेगर ठेवते. तुकडा त्यात टाकला. चुना फसफसून सुटला, पीओपी राहिला. खिळ्याची रेघ वर आली. सोळा, आडवी रेघ, सहा. सरळ सहा. तोंड उजवीकडे, खाली काही नाही.

मी तो टॉवेलावर ठेवला आणि स्टुलावर बसले. अध्यक्षांनी माझा जुना सहा कधी पाहिलाच नव्हता. त्यांच्या वेळी मी रोज वहीत सरळ तारीख घालते. नकाशेवाली बाईला तो वाचताही आला नाही. माळीभाऊला जुना माहीत होता आणि नवाही, तो उलटा कोरण्याची चूक करणार नाही. जुना माहीत आणि नवा नाही, असा एकच होता. त्याने उपटलेल्या तारखा चुन्याखाली होत्या, म्हणून त्याला दिसल्या नाहीत. अण्णांच्या टाइप केलेल्या अहवालात सोळा जून हा दिवस आणि 'तारीख लाँड्रीमावशीने कोरली' एवढंच होतं. मग त्याने माझं अक्षर आठवून काढलं. प्रेमाने पाठ केलेलं अक्षर. पंधरा वर्षं पाठीवर घेऊन फिरलेलं.

५

शनिवारी सकाळी मी चिटणिसाच्या खोलीत गेले. तुकडा टेबलावर ठेवला.

त्याने तो उचलला, फिरवला. 

"हा कुणी कोरला?"

"मी."

"तुला..." तो थांबला. "तुला लिहिता येतं?"

"सात वर्षं झाली."

"मग मंगळवारी मला नोटीस का वाचू दिलीस?"

"तुला वाचायची होती."

त्याने तुकडा खाली ठेवला. मग बोलला ते एका दमात. "वरच्या गटात जायचं तर बसायच्या आठ हजार जागा लागतात. नियम आहे. ह्या स्टँडमध्ये कधीच होणार नाहीत. आपण जन्मभर इथेच खेळणार, मावशी. मी पंधरा वर्षं खेळलो इथे. एकदा तरी क्लब वर गेलेला बघायचाय. सभासद घाबरल्याशिवाय हलणार नाहीत."

"म्हणून बाहेर दुरुस्ती दुरुस्ती ओरडत होतास."

"दुरुस्तीवाल्यानेच मान टाकली की लोक लवकर मान टाकतात."

"कंपनीने काय दिलं?"

"काही नाही. देवाशपथ काही नाही."

माझा विश्वास बसला, आणि त्यानेच जास्त राग आला.

"तू तुला हवं ते मला सांगितलं असतंस, की नवा बांधू, वर जाऊ, महाग तर महाग, तर मी तुझ्याशी भांडले असते. सभेत भांडलो असतो. लोकांनी तुझं ऐकलंही असतं कदाचित."

"नसतं ऐकलं."

"मग हरायचं. मॅच हरतोस तसं. तू माझा हात उसना घेऊन भिंतीकडून खोटं बोलवलंस. तिकडे अण्णा श्वास मोजतायत आणि त्यांना वाटतंय आपण चुकलो. उद्या सभेत सांग."

"नाही सांगितलं तर?"

"तर मी सांगेन. मी आता घाबरत नाही कुणाच्या कागदाला."

रविवारी हॉल भरला, लोक खिडक्यांत बसले. अध्यक्षांनी काचांचे फोटो पडद्यावर दाखवले. माझी सही असलेला कागद वाचला. एका सभासदाने मागून विचारलं, "नवा कितीला पडेल ते परत सांगा." दुसरा ओरडला, "जुना फुकटात पडतोय, तेवढं बघ." हॉल हसला, पण ते हसणं घाबरलेलं होतं. मी उलट्याकडे बघितलं. तो पायांकडे बघत होता.

मी उठले.

"मावशी, तुमचा मुद्दा कागदात आलाय," अध्यक्ष म्हणाले.

"कागद तुमचा होता. मुद्दा आता येतोय." मी फळ्याकडे गेले. चव्वेचाळीस वर्षांत त्या फळ्याला मी फक्त पुसलं होतं. खडू घेतला आणि एक सहा काढला, सरळ. "हा माझा सहा. सात वर्षं मी हाच काढते. अध्यक्षसाहेब, तुमच्या हातातल्या कागदावर बघा."

त्यांनी बघितलं. मान हलवली.

मी व्हिनेगरमध्ये धुतलेला तुकडा पहिल्या रांगेला दिला. तो हातोहात फिरला. बटणाचं सांगितलं, ओल्या गोळ्यांचं सांगितलं, ज्याला खरं वाटत नसेल त्याने आत्ता जाऊन हात लावावा म्हटलं. चार जण गेले आणि परत येऊन म्हणाले, बटण हलत नाही. मग मी पडद्यावरच्या फोटोतला आकडा फळ्यावर मोठा काढला. तीन, आणि खाली टिंब.

"आणि हा? हा कुणाचा?"

मी नाव घेतलं नाही. घ्यावं लागलं नाही. हॉलमधल्या प्रत्येक पन्नाशीच्या माणसाने तो आकडा पंधरा वर्षं मैदानात धावताना बघितला होता. आधी मागून एक आवाज आला, "उलटा!", मग दहा. 

उलटा उभा राहिला. डावा खांदा पुढे.

"माझा," तो म्हणाला. "मी बसवल्या. मावशीचा दोष नाही, अण्णांचा नाही. मी." मग खिशातून किल्ल्या काढून टेबलावर ठेवल्या.

अध्यक्ष म्हणाले, सभा पुढे ढकलू. मी म्हटलं, "का? भिंत तीच आहे, माणसं तीच आहेत. खोटं होतं तेवढं गेलंय. घ्या मतदान." लोकांनी बाकं वाजवली. दुरुस्तीला चारशे बारा. नव्याला एकशे सत्याण्णव. त्या एकशे सत्याण्णवांचा मला राग नाही. त्यांनी हात वर करून मत दिलं.

मी तशीच अण्णांकडे गेले. खुर्ची ओढून सगळं सांगितलं. त्यांना मधे मधे झोप लागत होती. शेवटी डोळे उघडून त्यांनी एकच विचारलं.

"बटण?"

"जागच्या जागी आहे."

"काढू नकोस," ते म्हणाले.

दुरुस्ती सभासदांनीच केली, दर रविवारी. पहिल्या रविवारी उलटा घमेली उचलायला आला. त्याच्याशी कुणी बोललं नाही. मी सगळ्यांना चहा दिला, त्याला दिला नाही. दुसऱ्या रविवारी त्यालाही दिला. तिसऱ्या रविवारी त्याने विचारलं, नव्या काचांवर तारीख कोण घालणार. मी म्हटलं, मी घालीन, तू बादली धर.

इंजिनियरअण्णांना हे काही बघायला मिळालं नाही. सभेनंतरच्या शनिवारी, सहा जूनला, सकाळी साडेदहा वाजता ते गेले. फाटकावरच्या फळ्यावर बातमी आणि तारीख मी लिहिली.